इतिवृत्तात न आलेलं

पाणी-मंडळाच्या बैठकांचं इतिवृत्त मी लिहिते,
लेउवार्डेनला, दुसऱ्या मजल्यावर,
जिथून कालवा दिसतो
आणि त्यावर कुणाची तरी न विकली गेलेली होडी.

विषय क्रमांक चार :
उपसा-केंद्रांच्या संगणकांची राखण.
रक्कम एक. मागणारे दोघे.

डाउवे बांधाखालच्या घरात वाढलेला.
म्हणाला, एका बांधाच्या भरवशावर
आपल्याकडे कोण निजलंय कधी?
समुद्राला भिडतो तो जागा.
त्याच्यामागे निजलेला.
त्याच्याही मागे, मेंढ्या चरतात तो, स्वप्न पाहणारा.
जुन्यांनी ठेवलेली नावं आहेत ही, उगाच नाहीत.
यंत्रांभोवतीही तसेच पदर घाला :
पासवर्डामागे फायरवॉल,
फायरवॉलमागे पहारा,
आणि सगळ्यामागे कुलपात एक प्रत.
जाग्याला डुलकी लागली तर निजलेला उठेल.

वीत्स्केने पडद्यावर तक्ता टाकला.
शक्यता आडवी, नुकसान उभं,
हिरव्याची शेतं, थोडं पिवळं,
वर कोपऱ्यात तीन चौकोन तांबडे.
केंद्रं त्र्याण्णव आहेत, डाउवे.
सगळ्यांना चार-चार पदर?
मग पदरमोड कुणी करायची?
कुरणातला पंप थांबला तर गाईंचे खूर भिजतील.
हार्लिंगेनकडचे दरवाजे भरतीला उघडे राहिले तर –
वाक्य तिने तिथंच सोडलं.
जोखीम जोखायची असते, म्हणाली,
पांघरूण घेऊन तिच्यापासून लपायचं नसतं.

कॉफीवर साय धरली.
तो म्हणाला, तुझ्या तक्त्यात तुला ठाऊक असलेलंच येतं.
ती म्हणाली, आणि तुझे पदर?
ते ठाऊक नसलेल्याला गुंडाळतात वाटतं?
(आवाज चढले होते. हे मी लिहिलं नाही.)

दाराजवळ हिल्के बसला होता, टोपी गुडघ्यावर.
अठ्ठावन्न नंबरच्या पंपाचा राखणदार, मार्चमध्ये निवृत्त.
तो आला होता विषय क्रमांक सहासाठी, शेवाळाच्या जाळ्या.
घसा खाकरून म्हणाला,
माझ्या पलंगाशी एक टेलिफोनची तार आहे.

बाउक्ये आजारी होती त्या हिवाळ्यात त्याने मोडेम जोडला.
रात्री सायकल काढायला नको,
तिचा हात सोडायला नको.
अंधारात नंबर फिरवायचा,
पलीकडे पंप उठायचा.
बाउक्ये गेली त्याला एकोणीस वर्षं झाली.
तार राहिली.
पासवर्ड?
तो गोंधळला. कोण फोन करणार होतं तिथं?
आधी का नाही सांगितलं?
कुणी विचारलं नाही.

वीत्स्केने तक्ता वर-खाली सरकवला, ओळ सापडेना.
डाउवे आपल्या नकाशाकडे बघत राहिला,
भिंतींवर भिंती, सुबक,
आणि तार त्यांच्या खालून, लाकडी फळ्यांमधून, थेट आत.
कुणी कुणाला जिंकल्यासारखं बघितलं नाही.

अध्यक्षीणबाई म्हणाल्या,
आधी त्र्याण्णव दारं वाजवून या दोघं. बरोबर जा.
केंद्र नंतर बघा, आधी राखणदाराच्या घरी बसा.
पैशाचं पुढच्या महिन्यात.
मी लिहिलं : विषय क्रमांक चार, तहकूब.

नंबर हिल्केने माझ्याच वहीत लिहून दिला होता,
शाळकरी, गोलसर आकड्यांत.
तार सोमवारी कापायची होती.
शुक्रवारी रात्री, घरी,
भांडी आवरून झाल्यावर,
मी तो फिरवला.

तीनदा वाजला. मग ती किंकाळी,
ओरखडल्यासारखी,
आणि तिच्यामागे लांबवर काहीतरी
माझ्या हुकमाची वाट बघत उभं.

मी फोन ठेवला. हात ओढणीला पुसला.
बावीस वर्षं या कचेरीत आहे,
किल्ल्या, नकाशे, नंबर, सगळं माझ्या हाताखालून जातं.
तक्त्यात माझी ओळ नव्हती.
सोमवारी वीत्स्के विचारेल, आणखी काही राहिलंय का.
चौकोन हिरवा की पिवळा,
ते तिनेच ठरवावं.